दाखल, खारीज आणि शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात नवी पेठेकडे जाताना फ्लेक्सच फ्लेक्स दिसतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ हे ठळक अक्षरांत, खाली टिकल्यांएवढे मुलांचे चेहरे आणि बाजूला संस्थेच्या अध्यक्षांचा भलामोठा फोटो. ही मुलं आठवीत होती तेव्हा वर्गात आणखी कोण कोण होतं, हे मात्र फ्लेक्स सांगत नाही. ते कळतं मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरमधून, आणि मला या रजिस्टरचा जुना नाद आहे.

एका ओळीत एक मूल. नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. मग प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. सोलापुरात मातृभाषेच्या रकान्यात मराठीच्या खालोखाल तेलुगू, कन्नड, उर्दू हमखास भेटणार. जन्मतारखेत एक जून ओळीने येतो, कारण दाखल करायला आलेल्या आईला तारीख ठाऊक नसे आणि मास्तरांना रकाना मोकळा ठेवता येत नसे. निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला तो असा. वर्तणूक सगळ्यांचीच ‘चांगली’. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर ही जुनी दप्तरं उघडली गेली, पण बोट फिरलं ते जातीच्या रकान्यावरून. ‘शाळा सोडण्याचे कारण’ कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

मला तोच रकाना सगळ्यात बोलका वाटतो. समजा, आठवीला साठ मुलं होती, दहावीला चाळीस बसली आणि चाळीसही पास झाली. निकाल शंभर टक्के की सदुसष्ट? मधल्या विसांतली काही खरोखरच गाव बदलून गेलेली असतात. काहींना नववीत ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा प्रेमळ सल्ला मिळालेला असतो. बाहेरून बसलेल्या मुलाचं नापास होणं शाळेच्या टक्क्याला शिवत नाही. बरं, टक्का तरी किती भरवशाचा? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. पोरं एका वर्षात ढ झाली नव्हती. भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण तेवढे काढले होते. पुढल्या वर्षी ते परत आले आणि निकाल पंच्याण्णवच्या पुढे गेला.

पैसा सरकारी, कारभार खासगी ही व्यवस्था आपल्याला १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून अनुदानित शाळांच्या रूपात ठाऊक आहे. अमेरिकेत तिची चुलत बहीण ‘चार्टर स्कूल’ म्हणून १९९१ साली मिनेसोटाच्या कायद्याने जन्मली. तिकडचं भांडणही हेच: या शाळा चांगलं शिकवतात, की चांगली मुलं वेचून घेतात? स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रत्येक चार्टर विद्यार्थ्याची तशाच घरच्या, तशाच गुणांच्या सरकारी शाळेतल्या मुलाशी तुलना केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस ठरल्या, ३७ टक्के मागे पडल्या, उरलेल्या सारख्याच. त्याच मंडळींच्या पुढच्या पाहणीत चित्र सुधारलं. पण मूल कुठून आलं हे आधी बघा आणि मग गुण बघा, ही पद्धत मला त्या आकड्यांहून मोलाची वाटते.

ती पद्धत घेऊन मागे गेलो तर सोलापूरच्या सेटलमेंटपाशी पाय अडखळतात. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलेली ही वसाहत. मोठी माणसं गिरणीत कामाला जात. बाहेर जायला पास, परत आल्यावर हजेरी. मुलांना शाळा सक्तीची. मुंबई इलाख्यातल्या या सेटलमेंटांचा कारभार उभा केला तो ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने, आणि सोलापूरची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. म्हणजे कायदा सरकारचा, चालवणारे मिशनरी. चार्टर म्हणा हवं तर!

स्टार्टसाहेब हा मोठा गुंत्याचा माणूस. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या १७व्या कलमाने सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येत होतं, आणि ते यंत्र चालवणाऱ्यांत हे अग्रभागी. त्याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचे एक सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं वाढवण्याच्या शिफारशी आहेत. एकाच माणसाच्या हाताखाली कुंपणही आणि वसतिगृहही. त्याला खलनायक करून मोकळं होता येत नाही, आणि समाजसुधारक म्हणून हार घालायलाही माझा हात धजत नाही.

इलाख्याचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२३ चा. तो गावोगाव कागदावरच राहिला. सक्ती खरोखर बजावली गेली ती कुंपणातल्या मुलांवर. पटावर सगळी मुलं, गैरहजर फारसं कोणी नाही, असा हजेरीपट आजच्या कुठल्याही केंद्रप्रमुखाला हेवा वाटावा असा. ती मुलं कोण आणि का हजर, हे झाकलं तर ही शाळा आदर्श ठरेल. देशभरातला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. सोलापुरात वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे.

लहान शाळेच्या टक्क्यांबाबत तर जास्तच जपून राहायला हवं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ३ डिसेंबर २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले, निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली, तेव्हा आम्हा सोलापूरकरांची कॉलर ताठ झाली. पाठोपाठ लहान शाळा म्हणजे गुणवत्ता अशी भाषणंही झाली. पंचवीस मुलांच्या शाळेतलं एक घर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं, त्यातली तीन मुलं गेली, की हजेरी बारा टक्क्यांनी खाली. पाडव्यानंतर ती परतली की शाळा पुन्हा ‘प्रगत’. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळा तपासल्या. सर्वांत लहान पन्नास शाळांपैकी सहा गुणांच्या पहिल्या पन्नासात होत्या आणि नऊ शेवटच्या पन्नासात. लहान शाळा वरही दिसते, खालीही दिसते. पट छोटा असला की सरासरी अशीच उड्या मारते.

तरी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तो आकड्यांवरच. अशा १४,७८३ शाळा, १ लाख ८५ हजारांवर मुलं, २९,७०७ शिक्षक. शाळेमागे बारा-तेरा पोरं आणि दोन मास्तर, खर्च परवडत नाही, हिशेब सरळ. पण त्या शाळांची रजिस्टरं उघडा. तांडा, वाडी, पाडा, वस्ती असेच पत्ते निघतील. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पाटी धरली अशी मुलं निघतील. शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली की आधी मुली गळतात. आणि त्यांच्या ओळीत, शाळा सोडण्याच्या कारणापुढे, कोणी ‘शासन निर्णय’ लिहिणार नाही. तिथे लिहिलं जाईल, ‘पालकांच्या विनंतीवरून’.