दोन काठ्या की एक?

अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठं, अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाचं, काळपट-हिरवं रोमन नाणं. सम्राटाचा चेहरा म्हणजे नुसता फुगवटा. कडेची अक्षरं केव्हाच झिजून गेलेली, नाहीतर मुळात उमटलेलीच नाहीत; कारण हातोड्याने नाणी पाडताना धातूची चकती बऱ्याचदा ठशापेक्षा लहान असे, किंवा जरा सरकलेली असे. यातून काय डोंबल कळणार? पण जाणकार ते हातात घेतो, उलटतो आणि म्हणतो, ‘इसवी सन 330 ते 335.’ सतराशे वर्षांपूर्वीची नेमकी पाच-सहा वर्षं! खिशातल्या रुपयावरचं साल वाचायला मला चष्मा लागतो.

जाणकाराने अक्षरांचा नादच सोडलेला असतो. तो बघतो मागची बाजू. तिथे दोन उभे आकार आणि त्यांच्यामध्ये काठ्या दिसल्या, की तो त्या मोजतो. आकार म्हणजे भाला-ढाल घेतलेले दोन सैनिक, काठ्या म्हणजे पलटणीची निशाणं. भोवती कधीकाळी ‘ग्लोरिया एक्झर्सितुस’ लिहिलेलं होतं, म्हणजे सैन्याचा गौरव. सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याच्या मुलांच्या नावे ही नाणी निघाली. आधी निशाणं दोन होती. 335च्या सुमारास नाणं आणखी लहान आणि हलकं झालं, तेव्हा एकच उरलं. ते साधारण 341पर्यंत चाललं. पुसट रेघ एक की दोन, एवढ्यावर तारीख ठरते!

सैनिकांऐवजी मान वळवलेलं जनावर आणि त्याच्या पोटाखाली दोन गाठी दिसल्या, तर ती रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना पाजणारी लांडगीण. अशा नाण्याच्या दर्शनी बाजूला सम्राट नसतोच. शिरस्त्राण घातलेली रोम नगरी असते. आणि एक सैनिक पुढे झुकून घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भोसकतोय अशी तिरपी रेषा दिसली, तर नाणं 348नंतरचं. त्यावरची घोषणा होती, सुखाचे दिवस परत आले. पुढच्या दहा-बारा वर्षांत तेच नाणं घटत घटत निम्म्याच्याही खाली गेलं. घोषणा मात्र तीच राहिली. सरकारी घोषणांचा स्वभाव फार जुना आहे.

चेहरा गेला तरी डोक्यावर काय आहे ते बहुधा कळतं. सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असले, तर छोटं नाणं बहुतेक तिसऱ्या शतकातलं. 215मध्ये सम्राट काराकॅलाने काढलेल्या नाण्यापासून ही पद्धत रुळली. मोत्यांची पट्टी आणि मानेमागे लोंबणारी तिची टोकं दिसली, तर कॉन्स्टन्टाइनच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. ही नाणी बाजारात फिरली ती मुख्यतः निरक्षर माणसांच्या हातांतून. त्यांना लॅटिन मजकुराशी काय देणं-घेणं? त्यांच्यासाठी ते सैनिकवालं नाणं किंवा लांडगीवालं नाणं असणार. अक्षरं गेल्यावर आपणही त्यांच्यासारखंच ते वाचतो.

बघायची रीत साधी आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाण्याच्या कडेला जवळजवळ आडवा धरायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणाऱ्या जागी सावल्या उभ्या राहतात. कधी पायांखालच्या रेघेखाली टाकसाळीची खूण सापडते. ‘टीआर’ म्हणजे आज जर्मनीत असलेलं ट्रिअर. मात्र तांब्याच्या भांड्यासारखं नाणं चिंचेने घासू नये. अनेकदा मूळ नक्षी त्या हिरव्या थरातच शिल्लक असते. थर गेला की हातात कोरी चकती.

तरी हट्ट करू नये. कॉन्स्टन्टाइनच्या मुलांचे चेहरे नाण्यांवर इतके सारखे आहेत, की नाव वाचता आलं नाही तर कॉन्स्टान्स की दुसरा कॉन्स्टन्टियस हे सांगणं बहुधा अशक्यच. मग नाण्याच्या पाकिटावर ‘कॉन्स्टन्टाइनचं घराणं, 330–335’ एवढंच लिहावं. तमिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि श्रीलंकेत उशिराच्या काळातली अशी रोमन तांब्याची नाणी भरपूर सापडतात. त्यांतली पुष्कळशी इतकी झिजलेली असतात, की तिथे घराण्याचं नाव लागलं तरी खूप झालं. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या, त्यामुळे काठ्या मोजण्याआधी नाणं रोमन आहे का, हेच पाहावं लागतं.