डॉक्टरांना काय विचारशील?

नव्वदच्या दशकातली अमेरिका. एक आई आपल्या 9 वर्षांच्या मुलाला, अलेक्झांडरला, तपासणीसाठी डॉक्टरांकडे घेऊन निघाली आहे. गाडीत ती त्याला सांगते की डॉक्टरांना काय विचारायचं ते आताच ठरवून ठेव, आणि लाजू नकोस, मनात येईल ते विचार. तो थोडा वेळ गप्प राहतो, मग हळूच सांगतो की डिओडरंटमुळे काखेत पुळ्या आल्यात. आई म्हणते, मग तेच विचार.

दवाखान्यात डॉक्टर त्याच्या उंचीबद्दल आकडेवारीच्या भाषेत काहीतरी बोलतात. मुलगा त्यांना मध्येच थांबवून अर्थ विचारतो. डॉक्टर समजावतात की 10 वर्षांच्या 100 मुलांमध्ये तू 95 जणांपेक्षा उंच ठरशील. त्यावर तो पुन्हा अडवतो, कारण त्याला अजून दहा वर्षं पूर्ण झालेली नाहीत! डॉक्टर न रागावता त्याला तक्त्याचं गणित सांगतात.

एका संशोधकाने हे सगळं टिपून ठेवलं, आणि ते वाचताना मी थक्क झालो. एका पिढीचं सामाजिक स्थान पुढच्या पिढीकडे कसं जातं, हा समाजशास्त्राचा जुना, अवाढव्य प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक तुकडा गाडीतल्या या दोन-चार वाक्यांत सापडावा, हे केवढं विलक्षण आहे!

संशोधन ॲनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंचं. त्यांनी 9-10 वर्षांच्या 88 मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांतली 12 कुटुंबं निवडून त्यांचे सहकारी आणि त्या स्वतः एकेका घरी महिनाभरात सुमारे 20 वेळा गेले. जेवणं, भांडणं, गृहपाठ, आंघोळीची टाळाटाळ, सगळं त्यांनी पाहिलं. बहुतेक घरी एका रात्रीचा मुक्कामही केला. काही कुटुंबं गोरी होती, काही कृष्णवर्णीय. काही सुस्थितीतली, काही कामगारांची, काही अगदी गरीब. 2003 साली ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ हे पुस्तक आलं. त्यात मुलांची नावं अर्थातच बदललेली आहेत.

लारोंना दोन पद्धती दिसल्या. मध्यमवर्गीय घरांत मुलाची ठरवून मशागत चालते. गॅरेट नावाच्या मुलाचं घर त्याच्या आणि भावांच्या फुटबॉल, बेसबॉल, पोहणं, पियानो यांच्या वेळापत्रकावर चालायचं. या घरांत आईवडील हुकूम कमी सोडतात. कारणं देतात, मुलाचं मत विचारतात, वाद घालू देतात. कामगार आणि गरीब घरांत मात्र धारणा अशी, की अन्न, निवारा, माया आणि शिस्त दिली की मूल आपसूक वाढतं. तिथे सूचना थोडक्यात येते आणि मूल ती बहुधा निमूट पाळतं. उरलेला वेळ त्याचा स्वतःचा.

इथे लारोंचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या पद्धतीतलं सौंदर्य त्या दाखवून देतात. हॅरॉल्ड हा सरकारी वसाहतीत राहणारा गरीब मुलगा चुलत-मामे भावंडांच्या घोळक्यात तासन् तास खेळतो, खेळाचे नियम ही पोरंच ठरवतात. अशा घरांत कंटाळ्याची कुरकुर कमी, भावंडांतला जिव्हाळा जास्त. मशागत झालेली मुलं पुष्कळदा दमलेली असतात आणि रिकामी दुपार मिळाली की काय करावं ते त्यांना सुचत नाही. रोजच्या या जगण्यात गोऱ्या-काळ्या कुटुंबांतल्या फरकापेक्षा वर्गाचा फरक ठळक निघाला, हेही अनेकांना अनपेक्षित होतं.

मग बिघडतं कुठे? उंबऱ्याबाहेर. हॅरॉल्डची आई घरी मोकळ्या आवाजात बोलणारी बाई. डॉक्टरांपुढे तिचा आवाज बसतो, नजर खाली जाते. उलट, स्टेसी नावाच्या मध्यमवर्गीय मुलीचा हुशार मुलांच्या वर्गातला प्रवेश थोड्या गुणांनी हुकतो, तेव्हा तिची आई खासगी चाचणी करून घेऊन तिला तिथे बसवते. कामगार घरातली वेंडी चौथीत पोचली तरी तिला नीट वाचता येत नाही. तिच्या आईचंही लेकीवर तितकंच प्रेम. पण शिकवणं हे शिक्षकांचं काम, त्यांना जास्त कळतं, असा तिचा भरवसा. त्या भरवशाची किंमत वेंडीने मोजली. शाळेला स्टेसीच्या आईसारखी आई अपेक्षित असते, आणि ही अपेक्षा कुठेच लिहिलेली नसते.

या वळणाचं एक मूळ समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी 1969 सालीच दाखवलं होतं. ज्यांच्या नोकरीत स्वतः निर्णय घ्यावे लागतात ते पालक मुलांत स्वतंत्र विचार जोपासतात. ज्यांचा दिवस वरच्याचं ऐकण्यात जातो ते आज्ञाधारकपणाला महत्त्व देतात. आईबापांची कामाची जागा अशी पोराच्या संगोपनात उतरते.

शिवाय पैसा आहेच. 1972-73 मध्ये अमेरिकेतली सर्वांत श्रीमंत पंचमांश कुटुंबं मुलांच्या शिकवण्या, सहली, पुस्तकं अशा गोष्टींवर वर्षाला सुमारे 3,500 डॉलर खर्च करत होती, सर्वांत गरीब पंचमांश सुमारे 835. 2005-06 मध्ये हे आकडे अंदाजे 8,900 आणि 1,300 झाले (सगळे 2008 च्या किमतींत). समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक इशिझुका यांनी 3,600 हून अधिक पालकांना विचारलं, तेव्हा सर्व थरांतल्या पालकांनी मशागतीच्याच पद्धतीला पसंती दिली. म्हणजे इच्छा तळापर्यंत पोचली आहे, खिसा तेवढा पोचलेला नाही.

दहा वर्षांनी लारो त्याच मुलांकडे परत गेल्या. मध्यमवर्गीय मुलं बहुतेक कॉलेजात होती, कामगारांची आणि गरीब घरची बहुतेक कामाला लागली होती. आपल्यावर लिहिलेलं वाचून काही कुटुंबं दुखावलीही. 2011 च्या आवृत्तीत लारोंनी तेही मोकळेपणाने नोंदवलं आहे.

या साऱ्यातून ‘गरीब आयांना शिकवा’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो मला अन्यायाचा वाटतो. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ जेसिका कलार्को यांचं काम वाचावं. त्यांनी एका अमेरिकन शाळेतली मुलं तिसरीपासून पाचवीपर्यंत जवळून पाहिली. अडलं की मध्यमवर्गीय मुलं उठून बाईंकडे जात, मधेच बोलत, उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडत नसत. कामगारांची मुलं बाईंना त्रास नको म्हणून एकटीच झगडत राहत, आणि हे संस्कार त्यांना घरी मुद्दाम दिलेले होते. बाईंचा वेळ अर्थातच मागणाऱ्यांकडे वळे. मात्र मदत कधी आणि कशी मागायची हे बाईंनी वर्गात स्पष्ट सांगितलं, की दोन्ही प्रकारची मुलं जवळपास सारखीच वागू लागत.