टीटी घेतलं, आता हात हलवायचा की नाही?

बेळगावात पिरनवाडीजवळच उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. तिथे फौंड्रीत, लेथवर राबणाऱ्या हाताला कधी पत्रा लागतो, कधी खिळा रुततो. जखम धुऊन पट्टी बांधताना टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, दिलं जातं. आता बऱ्याच ठिकाणी त्या जागी धनुर्वात आणि घटसर्प अशा दोन्हींवरची टीडी लस असते, पण सगळे टीटीच म्हणतात. संध्याकाळी दंड ठणकू लागला की घरोघरी सल्ले सुरू होतात.

‘हात अजिबात हलवू नकोस’ हा त्यातला पहिला, आणि तो चुकीचा आहे. लस स्नायूत जाते, तिथे थोडी सूज येते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. हात जखडून ठेवला तर आणखी आखडतो. खांदा सावकाश फिरवावा, रोजची हलकी कामं करावीत. ती जागा चोळू मात्र नये, आणि हळद, चुना, बाम काहीच लावू नये. थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं पुरे. तान्ह्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत देतात, तेव्हाही हेच. अंघोळ जरूर घाला, फक्त ती मांडी तेल लावून रगडू नका.

‘लसीनंतर दोन आठवडे व्यायाम बंद’ हा सल्ला आला करोनाच्या काळातून. 2021 मध्ये सिंगापूर सरकारने फायझर-मॉडर्नाच्या लसींनंतर दमवणारा व्यायाम टाळायला सांगितलं, कारण क्वचित, विशेषतः तरुण मुलांमध्ये, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं दिसलं होतं. कोविशील्ड, कोव्हॅक्सिन वेगळ्या तंत्राच्या लसी होत्या, आणि टीटीचा तर याच्याशी काही संबंधच नाही. उलट अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या 2022 च्या एका छोट्या अभ्यासात फ्लू किंवा करोनाच्या लसीनंतर दीड तास हलका-मध्यम व्यायाम करणाऱ्यांत प्रतिपिंडं जास्त दिसली. म्हणून कुणी मुद्दाम दीड तास चालायची गरज नाही; पण चालल्याने लसीचा गुण जातो, ही भीती सोडून द्या. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर खुशाल फेरी मारा. एकेकाळी तिथेच देवीची लस तयार व्हायची. अंगात ताप असेल तर मात्र विश्रांतीच. तालमीतल्या पोरांनी दंड निवेपर्यंत जोर आणि कुस्ती थांबवावी. टाके पडले असतील तर वजन कधी उचलायचं ते लसीवर नाही, जखमेवर ठरतं.

ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असंही नाही.

खरी काळजी वाटते ती इंजेक्शन घेतल्या घेतल्या गाडीला किक मारून शिफ्ट गाठणाऱ्यांची. गंभीर अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांतच उठते. भोवळही तेव्हाच येते. अर्धा तास तिथेच बसा. धाप लागली, ओठ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या तर लगेच नर्सला हाक मारा. घरी गेल्यावर छातीत दुखलं किंवा दंडावरची लाली पसरत गेली, तर दवाखाना गाठा.

आणि दर सहा महिन्यांनी टीटी घ्यायचं नसतं. पूर्ण कोर्स झालेल्याला किरकोळ, स्वच्छ जखमेसाठी मागच्या डोसला दहा वर्षं, मळकट किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षं झाली असतील तरच तो पुन्हा लागतो. वरचेवर घेतल्याने दंड जास्तच सुजतो. डोसची तारीख लिहिलेली चिठ्ठी आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर आधी तेच विचारतील.