हबला जोडला की वेबकॅम रुसतो?

कॅमेरा थेट लॅपटॉपला लावला तर चालतो, हबमधून मात्र काळा पडदा. अशा वेळी दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो; वीज किंवा वाट अपुरी पडते.

● वीज : यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तीच वीज वाटून देतो. नियमानुसार प्रत्येक पोर्टच्या वाट्याला १०० मिलिअँपिअरच. अडॅप्टरवाला हब वापरा.

● वाट : यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. १२८० × ७२० चे न दाबलेले चित्र सेकंदाला ३० फ्रेमने पाठवायचे तर सुमारे ४४२ मेगाबिट लागतात. पण व्हिडिओसारख्या सलग प्रवाहांना एकूण वेगाच्या ८० टक्क्यांपर्यंतच जागा मिळते. सेटिंगमध्ये ‘एमजेपीईजी’ (दाबलेले चित्र) निवडा, नाहीतर रिझोल्यूशन किंवा फ्रेम कमी करा.

● निळ्या पोर्टचा भ्रम : निळ्या पोर्टच्या यूएसबी ३.० हबच्या पोटात २.० चा वेगळा हब असतो. जुना, २.० चा कॅमेरा त्याच वाटेने जातो, त्यामुळे नवा हब घेऊन वेग वाढत नाही. दोन कॅमेरे असतील तर एक थेट संगणकाला जोडा.

● केबल : यूएसबी २.० केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

तपासाचा क्रम : आधी कॅमेरा थेट जोडून पाहा. मग हबवर एकटा ठेवा. मग एकेक उपकरण वाढवा. ज्या पायरीवर चित्र जाईल, तिथेच दुखणे आहे.