पोथीतला वार, आखाड्यातला पट्टा

शिवजयंतीची मिरवणूक उल्हासनगरातली असो, अंबरनाथची असो वा बदलापूरची, दांडपट्टा फिरू लागला की गर्दी आपोआप दोन पावले मागे सरते. पात्याचा सपकारा ऐकू येतो, लिंबाचे दोन तुकडे होतात, टाळ्या पडतात. फिरवणाऱ्याला विचारावे, हे कोठे शिकलात? उत्तर बहुधा एकच असते : वस्तादांकडे. आणि वस्ताद कोठे शिकले? त्यांच्या वस्तादांकडे. या साखळीत पुस्तक कोठेही येत नाही.

याच्या नेमकी उलट स्थिती जर्मनीतील एका शस्त्रविद्येची आहे. तिथे पुस्तक उरले आणि वस्ताद संपले. पंधराव्या शतकात तिकडे ‘लांगेस मेसर’, म्हणजे शब्दशः ‘लांब सुरी’, नावाचे हत्यार सर्वसामान्यांच्या कमरेला असे. नाव सुरीचे असले तरी लांबी तलवारीची. पाते एकधारी आणि मूठ मात्र घरातल्या सुरीसारखी, दोन लाकडी फळ्यांमध्ये पात्याचे शेपूट धरून खिळ्यांनी जखडलेली. मुठीच्या बाजूला एक जाड खिळा बाहेर काढलेला असे. तो बोटांचे रक्षण करी.

या हत्यारावरचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला तो कोणा सरदाराने नव्हे, तर एका धर्मगुरूने. योहानेस लेक्युखनर हा न्यूरेंबर्गजवळच्या हेर्त्सोगेनआउराख या गावचा पाद्री. त्याच्या ग्रंथाची १४७८ ची, चित्रे नसलेली प्रत हायडेलबर्ग विद्यापीठात आहे. १४८२ ची, चारशेहून अधिक चित्रे असलेली प्रत म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी लेक्युखनर मरण पावला. आज या दोन्ही प्रती संगणकावर पान न् पान पाहता येतात. बदलापूरच्या एखाद्या इमारतीत रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोणीही त्या उघडू शकतो, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही.

पण पाहणे निराळे आणि शिकणे निराळे. ग्रंथाची रचना आपल्याकडच्या सूत्र आणि भाष्य या पद्धतीची आठवण करून देते. आधी पाठांतरासाठी दोन-चार तुटक ओळींचे पद्य, मग त्याचे गद्य विवरण आणि सोबत चित्र. पद्य एकट्याने वाचले तर काही कळत नाही. पवित्रे चार : बुरूज, टेहळणीचा मनोरा, बैल आणि रानडुक्कर. नावे गमतीची वाटतात, पण त्यांतच खूण आहे. ‘बैला’त हत्यार डोक्याच्या बाजूला, टोक शिंगासारखे शत्रूच्या तोंडावर रोखलेले; ‘रानडुकरा’त हत्यार कमरेशी, सुळ्यासारखे खालून वर जाणारे. चित्र पुसट झाले तरी ज्याने बैल आणि डुक्कर पाहिले आहे त्याला पवित्रा आठवतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील हौशी अभ्यासकांनी अशा ग्रंथांवरून ही विद्या पुन्हा उभी करण्याचा खटाटोप चालवला आहे. पद्धत साधी पण कष्टाची. मजकुराचा अर्थ लावायचा, लाकडी किंवा नायलॉनच्या हत्याराने डाव सावकाश करून पाहायचा, जोडीदाराने खरा विरोध केल्यावर तो टिकतो का ते तपासायचे, आणि टिकला नाही तर पुन्हा ग्रंथाकडे वळायचे. चूक आपल्या पायांत आहे की वाचनात, हे ठरवण्यात महिने जातात. चित्र एकच क्षण दाखवते. त्याआधी पाय कोठे होता आणि नंतर कोठे गेला, हे बहुतेक वेळा कल्पनेनेच भरावे लागते. वेग तर कागदावर उतरतच नाही.

काही तत्त्वे मात्र कागदावरूनही नीट कळतात. दोन काठ्या एकमेकींवर अडवून पाहाव्यात. मुठीजवळच्या भागात जोर असतो, टोकाकडचा भाग दुबळा असतो. समोरचा जोराने रेटत असेल तर त्याला विरोध न करता काठी सोडवून दुसऱ्या बाजूने आत शिरावे. तो ढिला असेल तर सरळ पुढे जावे. हा दाब हाताला ‘जाणवणे’ हाच त्या साऱ्या परंपरेचा गाभा आहे. लेक्युखनरला विनोदाचेही वावडे नव्हते. एका डावात तो प्रतिस्पर्ध्याला वाकवून पकडतो आणि त्याच्या पाठीवर पट मांडून सोंगट्या खेळतो. दुसऱ्यात त्याला चक्क पोत्यात घालतो. पाद्रीबुवांचा शिष्यवर्ग कंटाळत नसावा.

आता पट्ट्याकडे वळू. त्याचे पाते सरळ, लांब आणि लवचिक. मूठ खोबळ्याच्या आत आडवी असल्याने पाते कोपरापुढच्या हाताच्या रेषेतच राहते. मनगट वळवायला वाव नाही. म्हणून वार खांदा, कंबर आणि पाय यांतून येतो, आणि म्हणूनच पट्टेकरी सतत फिरत असतो. जर्मन पद्धतीत पात्यावर पाते दाबून धरणे महत्त्वाचे. लवचिक पट्ट्याला ते फारसे जमणारे नाही, त्याचा बचाव त्याच्या फिरण्यातच आहे. अशी तुलना केली की मिरवणुकीतील गिरक्या केवळ शोभेच्या नाहीत, हे ध्यानात येते.

इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार परवान्यात अडकवले आणि विद्येचा ‘खेळ’ झाला. मर्दानी खेळ हे नावच ते सांगते. कोल्हापूरच्या तालमींनी तो जपला. पण तो कागदावर आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला बडोद्यात. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले, १९५० मध्ये त्याचा इंग्रजी संक्षेपही निघाला. लाठी, फरी-गदका, बोथाटी, जंबिया, बिनोट यांची माहिती त्यात आहे. नि:शस्त्राने सशस्त्राला आवरायचे डाव शिकवणारी ‘बंदेश’ही त्यात आहे. लेक्युखनरच्या जवळ जाणारे आपल्याकडे काही असेल तर ते हेच, आणि मुजुमदारांपाशी चित्रकाराऐवजी छायाचित्रकार होता.

फरक इतकाच की मुजुमदारांचे वाचक शंका घेऊन हयात वस्तादाकडे जाऊ शकत होते. आजही काही प्रमाणात जाऊ शकतात. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्या मानाबरोबर प्रत्येक तालमीतील वृद्ध वस्तादांचे पवित्रे, पायांची ठेवण आणि डावांची नावे सावकाश चित्रित करून, ज्ञानकोशातील वर्णनाशी ताडून ठेवण्याचे कामही हाती घ्यायला हवे. जर्मन अभ्यासकांना पाचशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीला ‘मागचा पाय नक्की कोठे?’ असे विचारता येत नाही. आपल्याला अजून विचारता येते.

आपल्या भागातील कोणाला काठी घेऊन हा अभ्यास करायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सराव लाकडी हत्यारानेच करावा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद धारदार पात्याला शस्त्र कायद्याचे निर्बंध लागू होऊ शकतात. आणि चेहऱ्याला जाळीचा मुखवटा लावल्याशिवाय जोडीने खेळू नये. मजकुरातला अर्थ चुकला तर पुन्हा वाचता येतो. डोळ्याचे तसे नाही.