गिअरचा जमाखर्च

इंजिनाचा एक स्वभाव आहे. मंद फिरताना त्याच्या अंगी फारसा जोर नसतो. थोडा वेग घेतल्यावरच तो येतो. उलट, उभी गाडी हलवायला सुरुवातीलाच मोठा जोर लागतो. या दोहोंचा मेळ घालते ती गिअरबॉक्स.

तिचा हिशेब आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना चटकन पटावा असा आहे. समजा, 12 दात्यांचे चाक 36 दात्यांच्या चाकाला फिरवीत आहे. लहान चाकाचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक. वेग एक तृतीयांश उरला. पण घर्षणाची वजावट सोडली तर जोर तिप्पट झाला. पहिल्या गिअरमध्ये आपण वेग खर्ची टाकून जोर जमा करतो. पुढच्या प्रत्येक गिअरमध्ये हा खर्च कमी होतो आणि जमाही.

दांडा ओढला की आत चाके सरकून एकमेकांत अडकतात, अशी पुष्कळांची समजूत असते. फार जुन्या गाड्यांत तसेच होते. आता पुढे जाण्याच्या गिअरांच्या जोड्या कायम गुंतलेल्याच असतात. फक्त नको असलेली चाके शाफ्टवर मोकळी फिरतात. आपण दांडा टाकतो तेव्हा हवे ते चाक शाफ्टशी जखडले जाते. त्याआधी एक पितळी कडे चाकावर घासून दोघांचा वेग सारखा करते. ही सिंक्रोमेशची योजना 1928 साली कॅडिलॅक गाडीत प्रथम आली.

आपल्या जुन्या अॅम्बॅसॅडरमध्ये चार गिअर होते व दांडा स्टिअरिंगखाली. पहिल्या गिअरला हे कडे नव्हते. म्हणून "गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस" ही जुन्या ड्रायव्हरांची ताकीद. चढावर दुसरा सोडला आणि पहिला करकरला, तर गाडी न्यूट्रलमध्ये मागे घसरू लागे! पुढे इसुझू इंजिनाची अॅम्बॅसॅडर आली. तिला पाच गिअर मिळाले व दांडा खाली आला. चौथ्यात इंजिन व गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट सारखेच फिरतात. पाचव्यात इंजिन त्याहून कमी फिरते. सपाट रस्त्यावर इंधन वाचते, पण ओढ सर्वांत कमी. 2014 साली या गाडीचे उत्पादन थांबले. हिशेब मात्र सर्व गाड्यांना तोच.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला उतरताना कित्येकजण पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करतात. ही काटकसर खोटी आहे. गाडी गिअरमध्ये असली की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना आवरते. इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर बहुधा इंधनही बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्याचे इंधन जळतेच, शिवाय सारा भार ब्रेकवर पडतो; ते तापले की त्यांची पकड जाते.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम म्हणूनच खरा. चार पैशांच्या बचतीसाठी जीव नावे टाकणे कोणत्याच वहीत बसत नाही.