टपटप थांबली? टेन्शन नॉट!

बटण दाबलं. लाल दिवा लागला. मशीननं घसा खाकरल्यासारखं केलं... आणि पुढे ठणठणाट! ड्रिप कॉफी मेकर पिशवीत घालून दुरुस्तीला निघालात? थांबा बॉस, आधी हे वाचा.

माहीत आहे का, या मशीनमध्ये पंपच नसतो! तळाशी एक नळी आणि तिला चिकटलेली हीटरची कॉइल, बस्स. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे त्याला ढकलत वर नेतात आणि ते कॉफीच्या पावडरवर ठिबकतं. उलटं फिरू नये म्हणून वाटेत एक चिमुकला व्हॉल्व्ह. म्हणजे ओट्यावर चक्क गीझर! बाथरूममधला नव्हे हं, आइसलंडमधला ओरिजिनल. आणि हीच कॉइल भांड्याखालची प्लेटही तापवते. एक पगार, दोन नोकऱ्या.

तर मग गुरगुर जोरात आणि धार बारीक, असं का? नळीत क्षार बसलेत! बादलीत टाकायच्या हीटरवर पांढरा थर चढतो ना, तोच हा. मुंबईकरांना तलावाचं मऊ पाणी, त्यांची मजा आहे. बोअरवेलवाल्यांनी मात्र लिंबूसत्व आणावं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, टाकीत ओता, अर्धं पाणी उतरलं की मशीन बंद करून अर्धा तास गप्प बसा. मग उरलेलं उतरू द्या आणि दोनदा साध्या पाण्याची फेरी. भांड्यात पांढऱ्या पापड्या पडलेल्या दिसल्या की समजा, चोर पकडला!

टाकीत दूध ओतलं तर? आमच्या मावशीनं ओतलं. पहिल्याच दिवशी. जायफळ किसून शेजारी तयार! दूध नळीतच करपलं, आणि त्या नळीत ना घासणी जाते ना बोट. पुढे महिनाभर कॉफीला करपलेल्या बासुंदीचा वास. टाकीत फक्त पाणी, मंडळी. दूध कपात!

बास्केट ओसंडून कट्ट्यावर काळा पूर? बहुतेक वेळा पावडर फार बारीक असते. साउथ इंडियन फिल्टरची चिकोरीवाली पावडर इथे घातली की कागदाची भोकंच बुजतात. जाड्या रव्याइतकी भरड हवी. आणि भांड्याचं झाकण नीट बसवलंय ना? ते झाकणच बास्केटखालची स्प्रिंगची चावी वर दाबतं. चावी दाबली नाही तर कॉफीला खाली यायला वाटच नाही.

बाय द वे, तो कागदी फिल्टर कुठून आला, माहीत आहे का? मुलाच्या वहीतून! १९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी पितळी भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, वर मुलाच्या वहीतला टीपकागद अंथरला आणि पेटंटच घेतलं. आजचा शंकूचा कागद आत कोलमडत असेल तर दोन्ही शिवणी एकमेकींच्या उलट दिशेला दुमडा. ताठ उभा राहील, शाळेतल्या मुलासारखा.

‘बारा कपांचं मशीन, पण कॉफी सहाच जणांना पुरते!’ फसवणूक? छे! अनेक मशीनवरचा ‘कप’ जेमतेम १२५ ते १५० मिलिलिटरचा, आणि आपला ऑफिसचा मग त्याच्या दुप्पट. पावडरही त्याच हिशेबानं, लिटरला साधारण ५५ ग्रॅम. कमी घातलीत तर कॉफी नाही, काढा!

कडू जहर लागते? प्लेटवर तासभर तापत ठेवलीत ना! युरोपात तर यावर कायदा आहे. २०१५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या काचेच्या भांड्याच्या नव्या मशीनची प्लेट ४० मिनिटांत आपोआप बंद व्हायलाच हवी. आपण आपलं थर्मासमध्ये ओतून ठेवावं.

सगळ्यात धडाकेबाज बिघाड मात्र ‘फॉरेन रिटर्न’. न्यू जर्सीच्या चुलतभावानं प्रेमानं आणलेलं मशीन १२० व्होल्टचं आणि आपला प्लग २३० चा. कॉइलवरचा भार साडेतीन पटीहून जास्त! आमच्याकडे एक ‘फट्’ झालं, वास आला आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आतला थर्मल फ्यूज शहीद. प्लगचा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. मशीनच्या बुडाचं लेबल आधी वाचा.

आणि आता बिघडलेल्या मशीनचा महाराजा! केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कॉफी संपली की नाही हे बघायला जिने चढावे लागत, म्हणून १९९१ मध्ये पठ्ठ्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. १९९३ मध्ये तो इंटरनेटवर आला आणि अख्खं जग एक काळपट भांडं बघू लागलं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, मशीन ई-बेवर गेलं. बंद पडलेलं होतं, तरी जर्मनीच्या ‘श्पीगल ऑनलाइन’ या बातम्यांच्या साइटनं ३,३५० पौंड मोजले! मग क्रुप्स कंपनीच्या लोकांनी ते फुकटात दुरुस्त करून दिलं, आणि ‘श्पीगल’च्या ऑफिसात पुन्हा टपटप सुरू झाली.